सगळी बाळं 'स'ची

पंजाबातल्या नव्या कालव्याकाठच्या त्या गावात, गुरुद्वाऱ्यामागच्या खोलीत इशर कौरची शाळा भरायची. सहा मुली आणि दोन पाट्या. बैसाखी झाली की खोली रिकामी करायची, असं गुरुद्वाऱ्यात पाठ वाचणाऱ्या ग्रंथी वधावा सिंगांनी तिला बजावलं होतं. दुसरी जागा मिळणार नव्हती. मुलींच्या शाळेला छप्पर मागितलं की ज्याच्या त्याच्या घरी नेमकी म्हैस व्यालेली असायची.

तशात लंबरदाराच्या, म्हणजे गावच्या पाटलाच्या, नातीचं नाव ठेवायचा दिवस आला. रिवाजाप्रमाणे वधावा सिंगांनी ग्रंथसाहिब उघडला, समोर आलेल्या पानावरची ओळ म्हटली. त्या ओळीच्या पहिल्या अक्षरावरून नाव ठेवायचं. अक्षर निघालं 'स'.

"परत स?" लंबरदाराची आई करवादली. "सुरैण, संती, सोभा, साहिबो! भाईजी, एकाला हाक मारावी तर चौघं ताट घेऊन येतात!"

सगळे हसले. इशर कौर मात्र हसली नाही. ती ग्रंथसाहिबावर चवरी ढाळत होती आणि पान तिच्या डोळ्यांसमोर होतं. तिथली ओळ निराळीच होती. म्हाताऱ्याला दिसतच नव्हतं! पाठ असलेल्या दोन-तीन ओळींवर तो गावाची बारशी उरकत होता.

खोटं कशाला सांगा, तिला आधी आनंदच झाला. सापडला बेटा! एक शब्द बोलायचा अवकाश, खोली आपलीच. पण वधावा सिंगांचा चाचपडणारा हात दिसला आणि तिची जीभ उचलेना.

माणसं पांगल्यावर तिने विचारलं, "भाईजी, किती दिवस झाले?"

"दोन वर्षं," म्हातारा म्हणाला. "जा, सांग सगळ्यांना. खोली तुला, रस्ता मला."

"सांगायचं तर तुम्हीच सांगा. माझ्या पोरी वाचतील. त्यांचं चुकलं तर सुधारायला तुमच्यासारखा कान गावात कुणाला आहे?"

"पोरी? ग्रंथसाहिबापुढे?"

"गुरूंनी कुठे नको म्हटलंय, दाखवा बघू!"

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. म्हातारा मात्र खो खो हसत सुटला.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या दिवशी वधावा सिंगांनी जमलेल्या भर संगतीत, सगळ्या भाविकांपुढे हात जोडले आणि सगळं सांगून टाकलं. लंबरदाराची आईच आधी कडाडली, "एवढं लपवलंत? माझ्या घरची भाकरी काय तुमचे डोळे बघून येत होती?"

मग शाळेतली दहा वर्षांची वीरां वाचायला बसली. एका शब्दाला अडली, म्हाताऱ्याने हळूच सावरून घेतलं. पुढची ओळ त्याला पाठ नव्हती. दोन वर्षांत ती त्याच्या कानावरच पडली नव्हती. ऐकता ऐकता त्याची दाढी भिजली.

"भाईजी, प्रसाद थंड होतोय," मागून कुणीतरी म्हणालं.

"होऊ दे. आणि इशर, ती मागची खोली आता विसर. उद्यापासून शाळा इथे, मला ऐकू येईल अशी. वाच गं पोरी, पुढचं पान वाच."