गावकचेरीतली राज्यघटना

ही गोष्ट घडली १९३३ आणि ३४ साली, एस्टोनियाच्या दक्षिणेतल्या काल्मेत्सा नावाच्या छोट्या परगण्यात. मित्रांनो, मी त्या देशाच्या पहिल्या राज्यघटनेची एक जुनी प्रत आहे. माझी पानं पिवळी पडली आहेत, पण आठवण अजून पक्की आहे.

१९२० साली मी ताल्लिनच्या छापखान्यात जन्मले. कागद लढाईनंतरचा, स्वस्तातला होता. पण मला हातात घेणारे लोक हात धुऊन यायचे. काल्मेत्साच्या गावकचेरीत खिडकीजवळच्या टेबलावर मला ठेवलं आणि कुणी पळवून नेऊ नये म्हणून तागाच्या दोरीने बांधलं. घोड्याची नोंद करायला आलेला शेतकरी नंबर येईपर्यंत मला चाळायचा. मीठ लावलेल्या माशाचा वास माझ्या कितीतरी पानांना लागला. मला त्याचा कधी राग आला नाही. माझं पहिलंच कलम सांगत होतं, की सत्ता लोकांच्या हाती आहे. मग लोकांच्या हातांना वास असणारच.

माझी सर्वांत लाडकी वाचक म्हणजे लेनी पुल्स्त. ती परगण्याची सुईण. तिचा धाकटा भाऊ जागुप स्वातंत्र्याच्या लढाईत दोन बोटं गमावून आला होता. त्याला सरकारने जमीन दिली, त्याने गाई पाळल्या. नऊ-दहा वर्षं बरी गेली. मग मंदी आली, लोण्याचा भाव कोसळला, आणि लोकांचा माझ्यावरचा जीव आटू लागला. माझ्या कलमांप्रमाणे सगळं चालायचं ते शंभर जणांच्या सभागृहावर, आणि तिथली सरकारं दर आठ-नऊ महिन्यांनी पडायची. जुन्या सैनिकांच्या संघटनेने मागणी केली, की घटना बदला आणि एकाच माणसाच्या हाती कारभार द्या. जागुप गावातला त्यांचा म्होरक्या झाला.

ऑक्टोबरात मतदान झालं. बहीण-भाऊ माझ्या टेबलापाशीच भांडले.

"ताई, ते शंभर जण नुसते कोंबड्यांसारखे भांडतात. एक खंबीर माणूस हवा."

"खंबीर माणूस हवा तर आधी तूच हो. तुझ्या गोठ्याचं छप्पर दोन वर्षं गळतंय."

लोक हसले. जागुप लाल झाला. "तू आपली बाळंतपणं बघ गं. हे बायकांचं काम नाही."

"तुझ्या दोन्ही पोरींना मीच या जगात आणलं. तेव्हा नाही म्हणालास, बाईला काय कळतं!"

"बघशीलच तू!"

"तेच तर म्हणतेय. बघायला लागेल."

देशभर दर चार मतांतली जवळजवळ तीन बदलाच्या बाजूने पडली. जागुपने सगळ्यांना बिअर पाजली आणि बहिणीच्या दारावरून जाताना मुद्दाम मोठ्याने गाणं म्हटलं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं.

जानेवारीत नव्या कलमांच्या छापील पट्ट्या आल्या. कचेरीचा कारकून विल्लेम क्यारा याने राय नावाच्या धान्याच्या पिठाची खळ शिजवली आणि जिथे कलमं बदलली होती तिथे त्या पट्ट्या नीट डकवल्या. फार व्यवस्थित माणूस. पण आपल्याच शब्दांवर दुसरे शब्द चिकटताना कसं वाटतं, ते मी कुणाला सांगणार?

नव्या प्रमुखाची निवडणूक एप्रिलमध्ये ठरली होती. ती झालीच नाही. मार्चमध्ये, आधीच खुर्चीवर असलेल्या प्रमुखाने नव्या अधिकारांचा आधार घेऊन आणीबाणी पुकारली, आणि निवडणूक तेच जिंकतील या भीतीने पहिल्यांदा पकडलं ते जुन्या सैनिकांनाच. जागुप दुधाचे हंडे बर्फावरून ओढायच्या स्लेजगाडीवर चढवत होता. हंडे तिथेच राहिले, त्याला घेऊन गेले.

चौथ्या दिवशी सकाळी लेनी बुटांवरचा बर्फही न झटकता कचेरीत शिरली. तिने मला उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"विल्लेम, हे वाचा. अटक केलेल्याला तीन दिवसांच्या आत न्यायालयाचा लेखी हुकूम दाखवला पाहिजे, कारणासकट. नाही दाखवला, तर कुणीही नागरिक तो मागू शकतो. यावर तर तुम्ही पट्टी डकवलेली नाही ना?"

"नाही. ते कलम तसंच आहे."

"मग माझा अर्ज लिहा."

विल्लेमने दाराकडे पाहिलं. "लेनीबाई, जरा समजून घ्या. दिवस वाईट आहेत. आणि तो तर तुमच्याशी बोलतही नव्हता."

"ज्याच्याशी बोलणं चालू आहे त्याच्यासाठीच मागावं, असं लिहिलंय का इथे?"

तसं लिहिलेलं नव्हतं. विल्लेमने अर्ज लिहिला. शिक्का मारताना त्याची नजर पुन्हा दाराकडे गेली, आणि शिक्का तिरका उमटला. मग त्याने चाकूने माझी दोरी कापली. "घेऊन जा. नाहीतर तिथे म्हणतील, असं कलमच नाही."

सुईणीच्या पिशवीत, कात्री आणि स्वच्छ फडक्यांच्या मध्ये बसून मी जिल्ह्याच्या गावी गेले. तिथला अधिकारी तरुण आणि सभ्य होता. त्याने लेनीला खुर्ची दिली, ते कलम नीट वाचलं आणि मान डोलावली.

"बाई, तुमचं बरोबर आहे. कलम आहे." मग त्याने माझी पानं उलटली आणि विल्लेमने डकवलेल्या एका पट्टीवर बोट टेकवलं. "पण आता हेही वाचा. आणीबाणीत ते कलम बाजूला ठेवता येतं. तुमच्या भावाने याच्यासाठीच मत मागितलं होतं ना?"

लेनीने ती पट्टी शेवटपर्यंत वाचली. "मागितलं होतं. पण बाजूला ठेवलेलं परत कधी काढणार?"

"कळवलं जाईल."

मित्रांनो, त्या खोलीत मला फार लाज वाटली. जागुपला सोडवू पाहणारं पान माझंच होतं, आणि त्याला आत ठेवणारंही माझंच.

जागुप सात महिन्यांनी सुटला, खोकला घेऊन. कुठलाही खटला झाला नाही, कारण कधी कळलं नाही. तो घरी जाण्याआधी बहिणीच्या दारात उभा राहिला.

"ताई, माझ्यासाठी अर्ज दिलास? मी एवढं बोललो, तरी?"

"अर्ज नागरिक म्हणून दिला. बहीण म्हणून अजून रागातच आहे मी. आत ये, ताक पी."

त्यानंतर कुणाचं काय झालं, तेही सांगते. विल्लेमची नोकरी त्याच शरद ऋतूत गेली. तो एका दुग्धशाळेत हिशेबनीस झाला आणि त्या तिरक्या शिक्क्याबद्दल त्याने कधी पस्तावा दाखवला नाही. १९४० साली दुसऱ्याच देशाचं सैन्य आलं. १९४१ च्या जूनमध्ये जागुपला पुन्हा नेलं, या वेळी मालगाडीच्या डब्यातून, पूर्वेकडे. लेनी तेव्हाही गेली होती हुकूम मागायला. पण तिथे बोट ठेवायला एक ओळसुद्धा नव्हती. जागुप परत आला नाही. लेनी म्हातारी होईपर्यंत लोकांची बाळंतपणं करत राहिली. तिने मला बाळांच्या कपड्यांच्या पेटीत तळाशी ठेवलं होतं. तिच्यामागे जागुपच्या थोरल्या मुलीने मला सांभाळलं, आणि देश पुन्हा स्वतंत्र झाल्यावर तिने मला जिल्ह्याच्या संग्रहालयात दिलं.

आता मी काचेच्या पेटीत असते. शाळेतली मुलं येतात, माझं मुखपृष्ठ बघतात आणि पुढच्या खोलीतल्या तलवारींकडे पळतात. मला त्यांना एवढंच सांगायचं असतं, की नुसतं मुखपृष्ठ बघून जाऊ नका. पेटी उघडून मागा. मला वाचा, चुकत असेन तिथे माझ्याशी भांडा, बदलायचं असेल तर बदलाही. मात्र नवी पट्टी डकवण्याआधी तिच्याखाली काय जाणार आहे ते एकदा मोठ्याने वाचून बघा. आणि उद्या कुणाला कारण न सांगता उचलून नेलं, तर तो आपला होता की आपल्याशी भांडलेला होता, याचा विचार करत बसू नका. बुटांवरचा बर्फ झटकायलाही थांबू नका. जा आणि विचारा.