आधी चतकोर

दुपारी एक वाजता नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्याचा भोंगा झाला, की तीनशे चाळीस कामगार कॅन्टीनकडे निघत. भाकरीच्या खिडकीपाशी मोठी रांग लागे. पण त्याहून मोठी रांग अर्ध्या तासाने हात धुण्याच्या नळाजवळ लागायची. तिथे एक निळे पिंप होते. ताट तिरके करायचे, पिंपाच्या काठावर दोनदा आपटायचे आणि पुढे सरकायचे. दोन सेकंदांचे काम! आपण सर्वांनी ते कुठल्या तरी लग्नात, हॉटेलात, ऑफिसात केलेले आहे. म्हणूनच ते कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

फेब्रुवारीच्या सहा तारखेला ते प्रशासन अधिकारी रविराज आहेरच्या डोळ्यांवर आले. त्याने पिंप काट्यावर ठेवले. अठ्ठावन्न किलो.

"मनीषाताई, महिनाअखेरपर्यंत हे दहा किलोच्या आत यायला हवं," तो म्हणाला. "नाहीतर एक तारखेपासून बाहेरून डबाबंद जेवण येणार. वरून तसा निरोप आहे."

मनीषा गायखे नऊ वर्षे हे कॅन्टीन चालवत होती. सिडको आणि चुंचाळ्यातल्या सात बायकांचा बचत गट होता तो.

"आणि आम्ही सातजणी?"

रविराजने वहीत आकडा लिहिला. माणूस वाईट नव्हता. निर्णय त्याच्या हातातला नव्हता.

जेवण आवडत नसेल म्हणून लोक टाकत असतील, असा मनीषाचा हिशेब होता. तिने मसाला बदलला, आठवड्यातून एकदा शेवभाजी सुरू केली. त्या दिवशी पिंप चौसष्ट किलो भरले! मग तिने पिंपाच्या वरच्या भिंतीवर "अन्न वाया घालवू नका" अशी मोठी पाटी रंगवून लावली. दुसऱ्या पाळीतला फिटर सुनील सध्या पहिल्या पाळीत आला होता. त्याने पाटी मोठ्याने वाचली आणि तिच्याखालीच ताट आपटले.

"ताई, पाटी झकास हां! आता पिंपालाही रंग द्या. दोघांची जोडी शोभेल."

अख्खी रांग हसली. मनीषाही हसली, पण आत जाऊन तिने डोळे पुसले.

अडीच वाजता सातजणी जेवायला बसल्या. ताटे घासणाऱ्या भिमाबाई भोये सर्वांत मोठ्या. पेठ तालुक्यातल्या डोंगरातून वीस वर्षांपूर्वी द्राक्षाच्या कामाला आल्या आणि इथेच राहिल्या. जेवण संपल्यावर त्यांनी रोजच्यासारखे ताटात घोटभर पाणी ओतले, बोट फिरवून आमटीचे कण सोडवले आणि ते पाणी पिऊन टाकले. नेमका तेव्हाच रविराज वजन घ्यायला आला.

"अहो मावशी, पाण्याचा फिल्टर बसवलाय ना तिकडे!"

वाढपाचे काम करणारी ज्योत्स्ना फिसकन हसली. भिमाबाईंनी पदराने तोंड पुसले.

"त्या पाण्याला आमटीची चव नाय ना साहेब."

रविराज हसला खरा, पण वहीत आकडा न लिहिताच घाईने निघून गेला.

मनीषा वैतागली. "मावशी, तुम्हाला विनोद सुचतायत. इथं आपली चूल विझायची वेळ आलीय."

"मग मला इचारलं का कुणी?" भिमाबाई म्हणाल्या. "तू रांधतेस, ही ज्योत्स्ना वाढते. ताटं कोण घासतं? कोण काय टाकतं ते मलाच ठावं. उसळ कुणी टाकत नाय. खालची भाकर टाकतात. दोन घेतात, दीड खातात. भाताचा डोंगर घेतात, निम्मा ठेवतात."

"मग घेतात कशाला एवढं?"

"पुन्हा रांगेत कोण उभं राहील बाई? जेवायला अर्धा तास, त्यातली दहा मिनटं रांगेतच जातात. भुकेला माणूस डोळ्यानं मोजतो. एकदाच भरून घेतो. उरलं की पिंप हायेच."

मनीषाने नळाजवळच्या पिंपाकडे पाहिले. आठ दिवस तिने कामगारांना मनातल्या मनात उर्मट म्हटले होते. ते तर घाईत होते!

"आमच्या घरी अख्खी भाकर ताटात कधी पडलीच नाय," भिमाबाई पुढे सांगू लागल्या. "आई तव्यावरनं काढायची आन् चार तुकडे करायची. आधी चतकोर. ती संपली की दुसरी. आई टोपली घेऊन शेजारीच बसलेली. त्यामुळं मागायला लाज नाय आन् टाकायला काही उरत नाय. भाताच्या आवणीला, रोपं लावायच्या दिवसांत, घरातलं नागलीचं पीठ आटत यायचं, तरी कुणी उपाशी उठल्याचं मला आठवत नाय."

"मावशी, ते घर होतं. इथं तीनशे चाळीस माणसं आहेत."

"मग चार टोपल्या घे."

मनीषाने रविराजला ही कल्पना ऐकवली तेव्हा तो खुर्चीतून उठलाच. "कामगारांना चतकोर भाकरी? उद्या युनियन माझ्या दारात बसेल! कंपनी उपाशी ठेवते म्हणतील."

"हवी तेवढी मिळेल, साहेब. फक्त माणसानं भाकरीकडे जायचं नाही, भाकरी माणसाकडे येईल."

रविराजने बराच वेळ पेन आपटले. "महिनाअखेरपर्यंत करून बघा. पण साहेब लोकांच्या जेवणाच्या खोलीत हे नको. तिथं चपातीचं पूर्ण भरलेलं ताटच जाऊ दे. पाहुणे असतात. चतकोर बरं दिसत नाही."

पहिल्या दिवशी खिडकीतून ताटे निघाली आणि गोंधळ उडाला. चतकोर भाकरी, एक पळी उसळ, मूठभर भात. टेबलांवरचे मोठे ग्लासही गेले होते. कारण अर्धा ग्लास पाणी पिऊन अर्धे ओतून द्यायची सवय सर्वांनाच होती. त्याऐवजी तांबे आणि फुलपात्रे मांडली होती. सुनीलने ताट टेबलावर आदळले.

"हे काय? उपास आहे का आज आमचा?"

"पोरांना बी यापेक्षा जास्त देतात!" मागून कोणी ओरडले. पाच-सहा जण उभे राहिले. मनीषा खिडकीतून बाहेर वाकली.

तेवढ्यात भिमाबाई टोपली कमरेवर घेऊन सुनीलपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"खा आधी. मी इथंच उभी हाय."

सुनीलने दोन घासांत चतकोर संपवली आणि मुद्दाम ताट पुढे केले. भिमाबाईंनी गरम चतकोर वाढली. त्याने पुन्हा ताट पुढे केले. पुन्हा चतकोर. सहाव्या वेळी भिमाबाईंचा हात टोपलीत गेला, तसा सुनीलने ताटावर हात आडवा धरला.

"बास मावशी."

"नक्की? लाजू नको रे. तुझ्या बायकोला नाय सांगणार."

टेबल हसले. सुनीलने दीड भाकरी खाल्ली होती. रोज तो दोन घ्यायचा. आज त्याच्या ताटात टाकायला काही नव्हते, आणि भाकरी गरम होती! चारही टोपल्या फिरत राहिल्या. "ज्योत्स्नाताई, इकडे!" "मावशी, या टेबलाला विसरलात!" कॅन्टीनची पंगत झाली.

त्या दिवशी पिंप तेहतीस किलो. चार दिवसांनी चोवीस. मग अठरा. मग पंधरा, आणि पंधरावर ते अडकले. पंचवीस तारखेला पंधरा. सव्वीसला पंधरा. मनीषाने भाताची पळी आणखी लहान केली, तरी पंधरा.

"हरलो मावशी," ती म्हणाली. "दोनच दिवस उरले."

भिमाबाई घासलेली ताटे पुसत होत्या. "उद्या एक कर. साहेबांच्या खोलीतलं उष्टं त्या लाल बादलीत टाकू. पिंपात नको."

सत्तावीस तारखेला रविराज वजन घ्यायला आला, तेव्हा काट्याशेजारी पिंप आणि बादली शेजारी शेजारी ठेवलेली होती. आधी पिंप ठेवले. आठ किलो.

"अरे वा! जिंकलात की!"

"थांबा साहेब," भिमाबाई म्हणाल्या, आणि बादली काट्यावर ठेवली. सात किलो. "पिंपात तीनशे चाळीस माणसांचं हाय. बादलीत तुमच्या खोलीतल्या बावीस जणांचं."

रविराजचा चेहरा उतरला. "काटा बिघडला असेल."

"मग परत ठेवा."

त्याने स्वतः ठेवली. सात किलो! वर अख्खी चपाती होती, न मोडलेली. ती त्याच्याच ताटातली होती. दुपारी तशीच ठेवून तो उठला होता.

हात धुवायला आलेला सुनील थबकला. "म्हणजे आमचं जेवण चतकोर, आणि तुमची नासाडी अख्खी! साहेब, पाटी तुमच्या खोलीत लावायला हवी होती."

रविराज त्या चपातीकडे बघत राहिला. त्याला कॉलेज रोडवरचे एक हॉटेल आठवत होते. बढती मिळाली म्हणून त्याने सटाण्याहून वडिलांना, गेणूदादांना, बोलावून तिथे नेले होते. जेवण झाल्यावर गेणूदादांनी ताटात पाणी ओतले आणि बोट फिरवले. "बाबा, लोक बघतायत," तो दबक्या आवाजात म्हणाला होता. वडिलांनी ताट हळूच बाजूला सारले. त्यानंतर ते नाशिकला येत, पण हॉटेलात जायचे म्हटले की त्यांना भूक नसे. ज्या माणसाने घासातला घास वाचवून त्याला शिकवले, त्याचीच त्याला लाज वाटली होती. आणि त्या दिवशी भिमाबाईंना फिल्टर दाखवताना तो पुन्हा तेच बोलला होता.

अठ्ठावीस तारखेला रविराजने साहेबांच्या खोलीला कुलूप लावले. बावीस अधिकारी रांगेत उभे राहिले. रविराज सुनीलच्या शेजारी जाऊन बसला. भिमाबाई टोपली घेऊन आल्या.

"साहेब, आधी चतकोर."

"वाढा मावशी."

त्याने चार वेळा ताट पुढे केले. पाचव्या वेळी हात आडवा धरला. मग सर्वांसमोर फुलपात्रातले घोटभर पाणी ताटात ओतले, बोट फिरवले आणि ताट तोंडाला लावले. घास हातात धरून लोक वळून बघू लागले.

"कसं लागलं?" भिमाबाईंनी विचारले.

"आमटीची चव आहे," रविराज म्हणाला. "मावशी, त्या दिवशी मी बोललो ते चुकलं."

"जेवलास ना पोटभर? मग झालं."

दीड वाजता काटा मांडला. तीनशे बासष्ट माणसांचे उष्टे एकाच पिंपात. कोणी जागचे हलेना. रविराजने आकडा पाहिला आणि ओरडलाच, "सहा किलो चारशे!"

ताटे वाजली, टेबले वाजली! ज्योत्स्नाने भिमाबाईंना गरकन फिरवले. सुनीलने शिट्टी मारली. मनीषा काट्यापाशी तशीच उभी होती. तिला तो आकडा पुन्हा पुन्हा वाचायचा होता.

"मनीषाताई," रविराज म्हणाला, "एक तारखेला भाकरीच थापा. वर काय कळवायचं ते मी कळवतो." आणि तो बाहेर जाऊन सटाण्याला फोन लावू लागला.

निळे पिंप आता तिथे नाही. ते स्वच्छ घासून अंगणात पाणी साठवायला ठेवले आहे. नळाजवळ एक लहान बादली पुरते.

नागरिकहो, काटकसर म्हणजे कमी खाणे, असा आपला एक गैरसमज आहे. या कॅन्टीनमध्ये कोणी एक घासही कमी खाल्ला नाही. उलट सर्वांना गरम मिळाले, मागून मिळाले, मानाने मिळाले. आपल्या आधीच्या पिढ्यांनी चतकोराने वाढले, फुलपात्राने पाणी दिले, ताट धुऊन प्यायले. ती गरिबीची खूण समजून आपण टाकून दिली. खरे तर तो राबणाऱ्या हातांचा मान होता, आणि मान राखायला गरीब असावे लागत नाही. आपल्या घरच्या कार्यात पाहुण्यांसमोर शिगोशीग भरलेले ताट ठेवायची हौस वाटेल, तेव्हा एवढेच करा. टोपली घेऊन त्यांच्या शेजारी उभे राहा, आणि वाढा: आधी चतकोर.