माझ्या चकात अडकलेला मफलर

मित्रांनो, मी एक जुना लेथ आहे आणि आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव काही गोड नाही. लोखंडाचा दांडा माझ्या चकात, म्हणजे फिरत्या जबड्यात, आवळला की मी त्याला गरागरा फिरवून सोलून काढतो. एका कारखान्यानं उमेदीत राबवून मला भंगारात काढलं, तेव्हा भोरकडच्या एका आयटीआयनं मला उचललं.

दर साली नवी पोरं येतात. दहावीनंतर दोन वर्षं शिकायचं, परीक्षकासमोर काम करून दाखवायचं, मग देशात कुठंही चालणारं प्रमाणपत्र आणि कंपनीत शिकाऊ म्हणून जागा. नारायण सर पहिल्याच दिवशी बजावतात, "सैल कापड आत खोचा. याला माणूस आणि लोखंड यातला फरक कळत नाही." खरंय ते. अजूनही कळत नाही.

पाली गावची रत्ना टर्नरच्या, म्हणजे लेथ चालवणाऱ्यांच्या, वर्गात एकटी मुलगी. माझ्यावरचा लोखंडाचा कीस झाडायची, मला मायेनं तेल द्यायची. घरात मात्र रोज आग. थोरला भाऊ सोमनाथ टेम्पो चालवायचा. त्यानं परस्पर तिचं लग्न काढलं, तिचा ॲप्रन चुलीत घातला आणि उलट बोलली म्हणून तिला पट्ट्यानं फोडून काढलं. दुसऱ्या दिवशी ती सुजल्या हातांनी माझ्यासमोर हजर!

परीक्षा चालू असताना सोमनाथ दारातूनच गरजला, "पावनं घरी बसल्यात अन् तू हितं पोरांत लोखंड घासतीस व्हय?"

सर आडवे आले. त्यांच्या कानाखाली अशी बसली की चष्मा उडाला.

"दादा, मशीन चालू हाय! म्होरं येऊ नगंस!" रत्ना ओरडली.

"मशीन गेलं खड्ड्यात!" त्यानं तिच्या मुस्काटात मारली आणि तिची मानगूट धरायला माझ्यावर वाकला. गळ्यातला मफलर लोंबत होता.

मी ओढला. मला राग नव्हता, दयाही नव्हती. मफलर चकाला गुंडाळला, त्याचा कान फाटला, त्याचा जबडा माझ्यावर आपटून कडकन मोडला. आणखी एक-दोन वेढे बसते तर मानच गेली असती. पोरं भिंतीला चिकटली.

रत्ना पळाली नाही. तिनं लाल बटणावर मूठ हाणली, पायातल्या ब्रेकवर उभी राहिली आणि करवतीच्या पात्यानं मफलर कापला. मग त्याचं डोकं मांडीवर घेऊन "दादा, दादा" करत ओक्साबोक्शी रडली. स्वतःच्या ओठाचं रक्त तिच्या गावीही नव्हतं.

घरचे पाहुणे तसेच उठून गेले. परीक्षकांनी तिला दुसऱ्या दिवशी बोलावलं. तिनं आधी माझ्यावरचं रक्त पुसलं, मग काम पुरं केलं. पास झाली पोरगी!

मफलरची चिंधी अजून माझ्या चकामागं आहे, सर ती काढू देत नाहीत. बाळांनो, मला तेल द्या, झाडा, पुसा, पण घरचा राग माझ्यापाशी घेऊन येऊ नका.

रत्ना आता शिरवळच्या एका कंपनीत शिकाऊ आहे. सर सांगतात, तिला टेम्पोतून सोडायला सोमनाथच जातो. त्याचा जबडा नीट जुळला नाही, बोलणं बोबडं झालंय. फाटकाशी रोज एवढंच विचारतो, "रत्ने, वढणी खोचलीस का?"