आरतीला वाजलेला ढोल

हे सांगायचंच नाही, असं जवळजवळ ठरवलं होतं मी. परदेशातल्या सेंगकांग नावाच्या उपनगरात, एका फ्लॅटबाहेर, चपलांच्या रॅकशेजारी पडलेल्याचं कोण ऐकणार? पण आज राग आलाय, म्हणून सांगतो.

मित्रांनो, मी एक जुना ढोल आहे. युगांडाचा. आमच्याकडे मुलखागणिक विधी वेगळे, भाषा वेगळी, नाचसुद्धा वेगळा. आमच्या बुगांडात तर प्रत्येक कुळाची स्वतःची थाप असते. माझं काम जुळ्यांच्या बारशाचं. गाव नाचायचं आणि बाळांची नावं मी दुमदुमवायचो. माझा वाजवणारा म्हातारा गेला. नातवाने मला पर्यटकांच्या दुकानात ठेवलं. तिथून फिरायला आलेल्या निशिकांतने उचललं आणि या घरी आणलं.

इथे गणपतीत त्याने मला आरतीला वाजवलं. "पुण्याचं पथक आठवलं," म्हणाले सगळे. मलाही बरं वाटलं. देव दुसरा, पण काम तेच.

त्या दिवशी निशिकांतच्या बुओना व्हिस्टाच्या ऑफिसातली नाकाटो आली होती. नाकाटो म्हणजे जुळ्यांतली धाकटी मुलगी. आमच्याकडे हे नाव ठरलेलंच. तिने मला बघताक्षणी ओळखलं. कातड्यावरून हात फिरवत इंग्रजीत म्हणाली, "गाईचं आहे. सगळ्यात मानाचं."

निशिकांतच्या बायकोच्या, साधनाच्या, हातातलं तबक थांबलं.

"अहो, गणपतीसमोर? दुकानात विचारायला काय झालं होतं?"

"तबला काय कापसाचा असतो?" निशिकांत पुटपुटला.

"तो बकऱ्याचा. तो चालतो."

लेक अदिती इथल्या इंग्रजीच्या ढंगात म्हणाली, "आई, इट्स ओन्ली अ ड्रम लाह."

नाकाटोला मराठी येत नाही. ती हसत मोदक खात राहिली.

पाहुणे गेले आणि मी दाराबाहेर. माझ्यावर मनीप्लांटची कुंडी. साधना रोज नेमाने पाणी घालायची. झाडाला हं. ते माझ्यात मुरत गेलं.

आज नाकाटो परत आली. तिच्या बहिणीला कंपालात जुळी झालीत. "बारशाला हा ढोल नेऊ?"

"ने की," निशिकांत सुटल्यासारखा म्हणाला. "अडगळच आहे."

तिने कुंडी उतरवली. थाप मारली. ओलं पोतं बडवल्यासारखा आवाज आला. तळवा तसाच ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "नवं कातडं चढवू."

मित्रांनो, दुसऱ्यांच्या विधीतली वस्तू घरी आणलीत, तर ती कशासाठी आहे ते आधी विचारा. नको झाली तर परत द्या. कुंड्या ठेवू नका.

आणि नाकाटो, तुला शब्द देतो. माझं खोड शाबूत आहे. नव्या कातड्याने आवाज जुना राहणार नाही, पण तुझ्या भाचरांची नावं मी चुकणार नाही. पहिली थाप तुमच्या कुळाची.