पेट्या कोणी उचलल्या

सूर्यफुलाच्या शेताच्या बांधावर सकाळी तिने मधमाश्यांच्या पेट्या मोजल्या, तेव्हा चौदाच्या जागी अकराच भरल्या. तिने पुन्हा मोजल्या. तीन पेट्यांच्या जागी गवत पिवळं पडून दबलं होतं, आणि बाहेर राहिलेल्या थोड्या माश्या त्या रिकाम्या जागेवर घिरट्या घालत होत्या.

दोन महिन्यांतली ही दुसरी चोरी. मधमाश्यांची पेटी पळवणं म्हणजे कोंबडी पळवणं नव्हे. दिवस मावळून सगळ्या माश्या आत आल्या की पेटीचं दार फडक्याने बंद करायचं, पट्टा आवळायचा आणि धक्का न लावता उचलायची. नवखा माणूस असता तर सुजलेलं तोंड घेऊन दवाखान्यात गेला असता. पहिल्या चोरीनंतर दवाखान्यात तिने चौकशी केली होती. तसं कोणी आलं नव्हतं.

म्हणजे चोर जाणकार. आणि आसपासच्या दहा गावांत हे काम नीट येणारी माणसं दोनच होती. एक ती, आणि दुसरे तिला शिकवणारे मास्तर.

मास्तर शाळेतून निवृत्त झाल्यावर माश्या पाळू लागले होते. माश्यांनी भरलेली चौकट उघड्या हाताने कशी धरायची, हे त्यांनीच तिला आठ वर्षांपूर्वी दाखवलं. तिला एखादी माशी जोरात डसली तरी विचारपूस करायला येणारा हा माणूस. पण पहिल्या चोरीनंतर ते फिरकले नाहीत, साधा फोनही केला नाही. तिच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली होती.

त्यात तिच्याकडून आणि मास्तरांकडून मधाचे कॅन गोळा करणारा टेंपोवाला आला. बोलण्यात इतका लाघवी, की त्याला सगळे गोड्या म्हणत.

"ताई, मास्तरांनी पेट्या वाढवल्या वाटतं," कॅन वर चढवताना तो सहज म्हणाला. "मागच्या खेपेला नव्हत्या एवढ्या. जाऊ दे, आपल्याला काय करायचंय."

तिने रिकामे कॅन उतरवून घेतले. पण त्याच आठवड्यात तिने तालुक्याच्या बाजारातून काड्यापेटीएवढा ट्रॅकर आणला. एका पेटीतल्या चौकटीची वरची पट्टी कोरून तो आत बसवला आणि वरून मेण लिंपलं. पेटी हलली की फोन वाजणार, आणि नकाशावर लाल ठिपका चालू लागणार. हे तिने कोणाला कळू दिलं नाही. नवऱ्यालाही नाही.

"सारखी फोनमध्ये काय बघतेस?" नवऱ्याने दोनदा विचारलं.

"हवामान," ती म्हणाली. तिसऱ्यांदा त्याने विचारलं नाही. पण तिने फोन हातात घेतला की तो उठून बाहेर जायचा.

बाराव्या दिवशी, उजाडायच्या जरा आधी फोन वाजला. ठिपका मोठ्या रस्त्याला लागला होता. तिने नवऱ्याला हलवून जागं केलं आणि सगळं सांगितलं. तो गाडीची किल्ली शोधता शोधता थांबला.

"म्हणजे माझ्यावरही संशय होता?"

"कोणालाच सांगितलं नव्हतं."

"कोणालाच, त्यात मी धरला जातो?"

 तिने चौकीवर फोन लावला. जमादार म्हणाले, आम्ही निघतो, तुम्ही पुढे जाऊ नका. तरीही नवरा-बायको निघाले.

ठिपका लाकडाच्या बंद वखारीमागे थांबला होता. ते पोचले तेव्हा चांगलं उजाडलं होतं. वखारीच्या फाटकाशी मास्तरांची स्कूटर उभी होती आणि शेजारी मास्तर, हातात फोन घेऊन.

 इतके दिवस मनात धरलेली गोष्ट खरी निघाली, तर बरं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली.

"मलाही," मास्तर म्हणाले.  "पण तू असशील असं मानायला मन तयार नव्हतं."

त्यांनी फोन तिच्याकडे वळवला. तोच नकाशा, तीच वखार, आणि तिथेच एक ठिपका. त्यांच्याही सात पेट्या गेल्या होत्या. त्यांनीही चौकटीत ट्रॅकर दडवला होता.

"तुझ्याकडे पेट्या वाढल्यात, असं मला कळलं होतं," ते म्हणाले.

"कोणाकडून?"

मास्तर उत्तर द्यायला गेले आणि मध्येच थांबले. तिलाही तेव्हाच उमगलं. मागच्या शेडमधून पट्टा आवळल्याचा आवाज येत होता.

गोड्या बाहेर आला तो हात पुसत, हसत. "अरे, दोघं एकदम? सकाळी सकाळी?"

त्याच्यामागे टेंपो होता आणि नव्या निळ्या रंगाने रंगवलेल्या पेट्यांची रांग. तो म्हणाला, या मी लांबच्या एका माणसाकडून घेतल्यात. मास्तरांनी एका पेटीचं झाकण उलटं केलं. आतल्या बाजूला त्यांनी डागलेला आकडा तसाच होता. तिथे रंग लावायला गोड्या विसरला होता. तो दोन पावलं मागे सरकला, पण तोवर तिचा नवरा जाऊन टेंपोच्या दाराला टेकून उभा होता. थोड्याच वेळात जमादार आले. आठ वर्षं गोड्या दोघांच्या बांधावर उभा राहून, गप्पा मारत, त्यांचे हात बघत सगळं शिकला होता. एकमेकांशी बोलणं तुटलं की चोरी पचते, हेही त्याला कळलं होतं.

पंचनामा झाल्यावर पेट्या गाडीत चढवताना मास्तर हळूच म्हणाले, "तू नसताना मी तुझ्या बांधावर दोनदा येऊन गेलो. चोरासारखा."

"मी तुमच्या सुनेला आडून आडून विचारत होते," ती म्हणाली.

  घरी उतरल्यावर तिने फोन नवऱ्याच्या हातात दिला आणि ट्रॅकर कसा बघायचा ते दाखवलं. त्याने मान हलवली, एवढंच. राग जायला त्याला बरेच दिवस लागले.

मास्तरांचाही आठवडाभर फोन नव्हता. मग एका दुपारी आला.

"एका पेटीत राणीमाशी सापडत नाही. माझी नजर आता पुरत नाही. येतेस का?"

"आलेच," ती म्हणाली, आणि हातातलं काम टाकून निघाली.