वायरीला वळण

वायरमनकाकांच्या घरात एकही वायर लोंबत नसे. काका निवृत्त झाले होते, पण त्यांचे हात काही निवृत्त व्हायला तयार नव्हते. उभी हयात त्यांनी लोकांच्या भिंतींवर वायरी ओढल्या, त्या अशा की पट्टी लावून बघावं. आडवी ती आडवी, उभी ती उभी आणि कोपरा आला की चक्क काटकोन. घरी आल्यागेल्याला ते आपल्या बैठकीच्या खोलीतली भिंत कौतुकाने दाखवत. "आमच्याकडे आधी भिंत, मग चहा," असं काकू म्हणायच्या. कोणी तारीफ केलीच, तर काका मान हलवून आपलं ठरलेलं वाक्य टाकायचे, "पोरांना काय नि वायरीला काय, वळण हवं!" पोर होतं एकच, मुलगी, आणि ती आता दूरदेशी नांदत होती. त्यामुळे अलीकडे सगळं वळण वायरींच्याच वाट्याला यायचं.

अशा घरात फायबरचं इंटरनेट जोडायला एक लाइनवाला आला. त्याने दारावरून एक पातळशी पांढरी केबल आत घेतली, तिला भिंतीवर मोठाले सैल वेढे दिले, टेबलावर राउटर ठेवला, हिरवे दिवे दाखवले आणि तो गेला. केबल भिंतीवर खुशाल झोके घेत होती. काकांना त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी शिडी, हातोडी आणि क्लिपांचा डबा काढला आणि केबल दाराच्या चौकटीवरून, छताच्या कडेने, कपाटाच्या अंगाने अशी काही बसवली की बघत राहावं. चार कोपरे, चार काटकोन. कोपऱ्यावर क्लिप अशी ठोकली की केबलने पुन्हा डोकं वर काढू नये.

त्या दिवसापासून इंटरनेटने मान टाकली. चाणाक्ष वाचकाच्या डोक्यात एव्हाना शंका आलीच असेल. काकांच्या डोक्यात ती आली नाही, कारण आपल्या हातचं काम चुकू शकतं ही गोष्ट त्यांच्या कल्पनेतच बसत नव्हती.

कधी इंटरनेट यायचं, पण रांगत यायचं. मुलीचा फोन लागला की पडद्यावर आधी तिचं कपाळ दिसायचं आणि हनुवटी यायला बराच उशीर व्हायचा. कधी राउटरवरचा एक दिवा तांबडा व्हायचा आणि सगळा कारभारच ठप्प. काकांनी राउटर टेबलाखाली ठेवून पाहिला, पुस्तकांवर ठेवून पाहिला, उभा केला, आडवा केला. कंपनीला फोन लावला की पलीकडचा गोड आवाज एकच सांगे, "बंद करून पुन्हा चालू करा." बंद-चालू करून करून त्या बटणाचा जीव मेटाकुटीला आला. शेवटी काकांनी संशयाची सुई काकूंकडे वळवली. धूळ बसू नये म्हणून काकूंनी राउटरला फुलाफुलांचं झबलं शिवलं होतं.

"गुदमरतंय ते बिचारं तुझ्या झबल्यात!"

काकूंनी झबलं काढून घेतलं. दिवा तांबडा तो तांबडाच राहिला. मग काकूंनी चार दिवस तोंड फुगवलं आणि काकांना झबल्याची माफी मागावी लागली.

एरवी हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण या वेळी काकूंचा जीव त्या राउटरमध्ये अडकला होता. काकू आयुष्यभर बालवाडीत शिकवायच्या. निवृत्त झाल्या आणि घरात एकदम शांतता झाली. ती त्यांना सोसत नव्हती. अशात मुलांच्या दवाखान्याने विचारणा केली. खाटेवर पडून असलेल्या मुलांना दर आठवड्याला पडद्यावरून गोष्ट सांगेल असं कोणीतरी त्यांना हवं होतं. त्याआधी एकदा त्यांच्यासमोर गोष्ट सांगून दाखवायची. काकूंनी सांगायला घेतली आणि दुसऱ्याच वाक्याला तोंडाचा आ तसाच राहून त्या पडद्यावर गोठल्या. पलीकडच्यांना वाटलं, बाई घाबरल्या. त्यांनी समजुतीने आणखी एक संधी दिली, पण हेही सांगितलं की या वेळी जमलं नाही, तर दुसऱ्या कोणाला तरी बघावं लागेल. ती संधी आज होती, दुपारी चार वाजता.

"मोबाइलवरून कर ना," काका सकाळी म्हणाले.

"कुठून करू? आपल्याकडे रेंज बाल्कनीच्या बाहेर हात काढल्यावर येते. आणि खाली रस्ता फोडतायत. शेळीची गोष्ट सांगू की ड्रिलची?" बोलता बोलता काकूंचा आवाज चिरकला. "अहो, मला त्या पोरांना गोष्ट सांगायचीय हो. बाकी काही नको मला."

काकांना गलबलून आलं. इतक्या वर्षांच्या संसारात या बाईने स्वतःसाठी काही मागितल्याचं त्यांना आठवेना. ते उठले आणि त्यांनी कंपनीला असा काही फोन केला की पलीकडचा गोड आवाज बंद-चालूचं नाव काढायला विसरला.

लाइनवाला पाठवतो म्हणाले होते, दुपारी आली लाइनवाली. खांद्याला पिशवी, डोक्यावर हेल्मेट, जिने धावत चढून आलेली, आणि तरी धाप नाही. आत पाऊल टाकलं आणि भिंतीकडे बघून ती जागच्या जागी थबकली. काकांनी ओळखलं, भिंत बघून लोकांचं असंच होतं.

"काका, ही केबल कोणी बसवली?"

"मी," काकांची छाती फुगली.

"हिला काही वळणच नाही हो!"

स्वयंपाकघरात चमचा खाली पडल्याचा आवाज झाला. काकू पदर खोचत बाहेर आल्या. हे वाक्य या घरात आजवर कोणी उच्चारलं नव्हतं.

"वळण नाही?" काकांचे कान लाल झाले. "अगं मुली, गावभर विचारून ये! वळण नाही म्हणे! वळण लावण्यात माझे केस पांढरे झाले!"

"तसं नाही हो काका!" ती हसायला लागली. "वळण म्हणजे गोल वळण. तुम्ही तर मोड घातलेत. तुमच्या वायरीतून वीज जाते, ती बिचारी कुठूनही वळते. यातून उजेड जातो. आत केसासारखी काच आहे. काटकोन आला की उजेडाला वळता येत नाही, तो बाहेर सांडतो."

"उजेड सांडतो?"

"पडदे ओढा, दाखवते."

काकूंनी पडदे ओढले. लाइनवालीने राउटरमधून केबलचं टोक काढलं आणि पिशवीतल्या पेनासारख्या एका दिव्यात खुपसलं. अंधाऱ्या खोलीत राउटरजवळचा कोपरा लालभडक पेटला. त्याच्या पुढचा जरा कमी, त्यापुढचा आणखी कमी, आणि दारावरचा तर विझत आलेल्या निखाऱ्यासारखा. मधली सरळ केबल मात्र काळोखात गडप. उजेड सांडत होता तो फक्त काकांच्या काटकोनांतून.

काकू श्वास रोखून नवऱ्याकडे बघत होत्या. आता हे चिडतात की रडतात, त्यांना कळेना. काकांनी एका कोपऱ्याखाली तळहात धरला. तळहातावर लाल ठिपका पडला. त्यांनी हात मागे घेतला, पुन्हा धरला.

"अगं, हे बघ!" ते ओरडले. "खरंच सांडतोय की! जन्मभर वायरी ओढल्या, पण अशी गंमत कधी पाहिली नव्हती!"

"गंमत काय? वळण लावता लावता तिची मान मोडलीत," काकू म्हणाल्या, पण त्यांनाही हसू फुटलं होतं.

मग काका स्वतः पक्कड घेऊन शिडीवर चढले आणि त्यांनी आपल्याच क्लिपा एकेक करून उपटल्या. प्रत्येक क्लिपेला त्यांच्या तोंडून एक बारीकसा "अरेरे" निघत होता. केबल मोकळी होऊन पुन्हा झोके घ्यायला लागली. तीन कोपरे निस्तरले. चौथा, राउटरजवळचा, मात्र चिमटून बसला होता. लाइनवालीने तो बोटांनी चाचपला आणि मान हलवली.

"एवढा तुकडा बदलावा लागेल. आत्ता माझ्याकडे नाही, उद्या सकाळी घेऊन येते."

"उद्या?" काकू मटकन खाली बसल्या. "मला आज चार वाजता हवंय गं."

लाइनवालीने घड्याळाकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं आणि केबल पुन्हा राउटरला जोडली. चिमटलेली जागा अलगद अधांतरी उचलून तिने मोठा गोल वेढा केला. दिवा हिरवा! राउटर टेबलावर ठेवला, वेढा बसला, दिवा तांबडा. कपाटावर ठेवला, तांबडा. काकांनी दोरीने टांगून पाहिला, तर तो पाळण्यातल्या खुळखुळ्यासारखा स्वतःभोवती फिरायला लागला आणि केबलला पीळ पडला. शेवटी वैतागून काकांनी त्याला दोन्ही हातांनी छातीशी धरलं. ते खिडकीपाशी सरकले, तसा दिवा हिरवागार झाला.

"काका, हलू नका! आहात तिथेच उभे राहा!"

"किती वेळ?"

"गोष्ट संपेपर्यंत!"

लाइनवालीचा फोन केव्हाचा वाजत होता, दुसऱ्या कोणाचा तरी दिवा तांबडा झाला होता. "काकू, दणकून सांगा," असं म्हणून ती आली तशी जिने उतरून पळाली. राउटरच्या विजेच्या वायरीची चिंता नव्हती. या घरात एक्स्टेंशन बोर्डांना तोटा नव्हता. काकूंनी एक जोडून दिला, लॅपटॉप काकांच्या पुढ्यात टेबलावर ठेवला आणि आपण समोरच्या खुर्चीत बसल्या. राउटर उराशी धरून काका लॅपटॉपच्या मागे उभे. हातात पहिलं नातवंड दिलेल्या आजोबांसारखे ते अवघडले होते.

पडद्यावर एक डॉक्टरीणबाई आणि एक चष्मेवाले गृहस्थ आले. संपूर्ण आले, कपाळापासून हनुवटीपर्यंत एकदम. नमस्कार झाले. काकूंनी सुरुवात केली, पण आवाज कसा, तर साहेब तपासणीला आल्यासारखा. "एका गावात एक शेळी होती." चष्मेवाल्या गृहस्थांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

तेवढ्यात काकूंनी नजर वर उचलली. लॅपटॉपच्या वर त्यांना आपला नवरा दिसला, हनुवटीवर हिरवा उजेड, श्वाससुद्धा जपून घेणारा. काकूंच्या गालांत हसू दाटलं आणि आवाज एकदम मोकळा झाला.

"आणि ही शेळी, बरं का, दिसेल ते खायची. एक दिवस तिने काय केलं असेल? गावातल्या मोठ्या घड्याळाची किल्ली गिळली!"

काकांच्या भुवया वर गेल्या. घड्याळ थांबलं ते नेमकं शाळेच्या मधल्या सुट्टीत. मग सुट्टी संपेचना! हेडमास्तर घंटा घेऊन उभे, पण वेळच होत नाही, तर वाजवणार कशी? आणि इकडे शेळी "बें" करायचं सोडून "टण्ण" करायला लागली. काकूंनी तो "टण्ण" असा काही केला की काकांचं पोट गदगदलं. दिवा लुकलुकला. काकूंच्या डोळ्यांत भीती चमकून गेली. काकांनी ओठ दातांखाली दाबले, अंग खांबासारखं केलं, डोळ्यांतून पाणी वाहू दिलं, पण हात हलू दिले नाहीत. दिवा सावरला. काकू पुढे निघाल्या, आणि आता त्यांना थांबवणं कोणाच्या बापाला शक्य नव्हतं. गावाने शेळीला पकडलं, हेडमास्तरांनी तिच्या पोटाला कान लावला, कोणाचंच काही चालेना. मग किल्ल्या बनवणारा म्हातारा पुढे झाला आणि शेळीच्या कानाशी वाकून म्हणाला...

"पुरे, काकू, पुरे!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

काकूंचा चेहरा पडला. काकांनी राउटर आणखी घट्ट धरला.

"पुरे म्हणजे आमचं काम झालं हो!" बाई डोळे पुसत होत्या. "पुढचं आता मुलांबरोबरच ऐकू. येत्या आठवड्यापासून सुरू करायचं ना? आणि एक विचारते. तुम्ही नुसती गोष्ट सांगत नव्हता, कोणाकडे तरी बघून सांगत होता. समोर एखादं मूल बसलंय का?"

काकूंनी वर पाहिलं.

"बसलेलं नाही, उभं आहे," त्या म्हणाल्या. "आणि वयाने जरा मोठं आहे."

पडदा मिटला. काकू खुर्चीतून उठल्या आणि लहान मुलीसारख्या टाळ्या पिटत खोलीभर फिरल्या. मग एकदम त्यांच्या ध्यानात आलं की काका अजून तिथेच, तसेच उभे आहेत.

"अहो, झालं! ठेवा ते खाली. हात भरून आले असतील."

काकांनी राउटर खाली ठेवला नाही.

"ठेवीन गं," ते म्हणाले. "आधी सांग, तो म्हातारा शेळीच्या कानात काय म्हणाला?"

काकूंनी खुर्ची आणखी जवळ ओढली, बसल्या, घसा साफ केला.

"तर बरं का," त्या म्हणाल्या, "तो म्हातारा खाली वाकला..."