शिंकेआधीचा आलाप

आमच्या आष्टीच्या सप्ताहात रखमाजींचा आवाज तिसऱ्या दिवशी तापतो आणि काल्याच्या कीर्तनात असा लागतो, की ऐकणाऱ्याचे डोळे आपोआप भरून येतात. पण गेल्या काल्याला वरच्या पट्टीत जाताना त्यांची कवळी सुटली आणि वसंताच्या मृदंगावर पडली. वसंतानं ठेका सोडला नाही, त्यामुळं कवळी दोन आवर्तनं नाचत राहिली. त्या दिवसापासून भला माणूस मंडपात उभा राहीना.

शेवटी बायको नंदाबाईंनी त्यांना नवीन जालन्यात दातांच्या डॉक्टरीण प्रियदर्शनीबाईंकडं नेलं. पक्के दात बसवायचे, तर वरच्या जबड्याचं हाड कमी पडत होतं. गालामागच्या पोकळीतला पडदा अलगद उचलून त्याखाली हाडाचा चुरा भरायचा होता. भरला, पण पडद्याला बारीक छिद्र पडलं आणि ठिगळ लावावं लागलं.

“हा पडदा अंड्याच्या आतल्या पापुद्र्यासारखा असतो, काका.”

रखमाजींनी गळ्यातली माळ चाचपली.

“बरं, कांद्याच्या पापुद्र्यासारखा.”

“कांदा बी न्हाई खात ते,” नंदाबाई म्हणाल्या.

“दुधावरच्या सायीसारखा,” डॉक्टरीणबाई हरल्या. “पंधरा दिवस नाक शिंकरायचं नाही, गायचं नाही. शिंक आलीच तर दाबू नका, तोंड मोठं उघडून सोडा. ठिगळ सुटलं तर चुरा जाईल आणि पक्क्या दातांचं पुन्हा पहिल्यापासून.”

काला नेमका त्या पंधरातल्या नवव्या दिवशी आला.

“नुसता टाळ धरून उभा राहतो,” रखमाजी म्हणाले.

“तोंड उघडलं तर माझ्याशी गाठ हाय,” नंदाबाई म्हणाल्या.

“अन् शिंक आली मंग?”

“तेवढ्याला उघडा.”

मंडपाच्या दारातच अप्पाराव बुक्क्याची वाटी घेऊन उभे. बुक्क्याला नको म्हणायची आपल्यात रीत नाही, आणि अप्पारावांचा हात सैल. वर्षभराचं प्रेम त्यांनी एकदमच लावलं. निम्मं कपाळावर राहिलं, निम्मं मिशीत उतरलं.

कीर्तन रंगलं. हरिओम महाराज गोपाळांच्या शिदोऱ्या सोडत होते, तोच रखमाजींच्या नाकात वळवळलं. त्यांनी आज्ञा पाळली. डोळे मिटले, मान वर केली, तोंड उघडलं.

तीस वर्षं मंडप हेच बघत आला होता. असं तोंड उघडलं, की पाठोपाठ आलाप. महाराज अर्ध्या वाक्यात थांबले आणि हात जोडून बाजूला सरले. पेटीनं सूर धरला. वसंतानं आधी मृदंगावर उपरणं टाकलं.

शिंक आली नाही. रखमाजींनी तोंड मिटलं. महाराज पुन्हा बोलू लागले. पुन्हा वळवळ, पुन्हा तोंड, पुन्हा शांतता. तिसऱ्या वेळी महाराजांनाच गहिवरून आलं.

“बघा माउली, नाम ओठाशी येतंय आणि प्रेमानं कंठ दाटतोय. भाव म्हणतात तो हा.”

बायका डोळे पुसू लागल्या. अप्पाराव वाटी घेऊन पुन्हा उठले.

“आवं अप्पाराव, खाली बसा,” बायकांतून नंदाबाई म्हणाल्या. “कंठ न्हाई, शिंक दाटून राह्यली त्यांची.”

पण हात पोचला होता.

शिंक आली, आणि बराबर सगळी तोंडावाटे आली. पेटीवाल्याचा चष्मा बुक्क्यानं काळा झाला. मंडप हसत असतानाच रखमाजींच्या नाकातून एक लाल थेंब पांढऱ्या सदऱ्यावर पडला, आणि हसू विरलं. पुढं वाटलेल्या काल्याच्या लाह्या रखमाजींच्या हातातच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिघं जालन्याला. अप्पाराव न बोलवता आल्ते. डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला, बराच वेळ बघितला.

“ठिगळ जागेवर, चुराही जागेवर. एखादा थेंब चालतो. तोंड उघडलंत म्हणून वाचलं, काका. पुढच्या काल्याला बिनधास्त गा.”

रखमाजींनी खुर्चीत पडल्या पडल्याच हात जोडले.

“आता आ करा,” म्हणत बाई वाकल्या. मिशीतला बुक्का प्रसाद म्हणून रखमाजींनी धुतला नव्हता. बाईंचं नाक आक्रसलं. मास्क खाली ओढून, डोळे मिटून, मान वर करून त्या थांबल्या.

“दाबू नका मॅडम,” नंदाबाई म्हणाल्या. “मोठं उघडा.”

अप्पारावांनी सवयीनं हात जोडले आणि आलापाची वाट बघत उभे राहिले.